खिडकीला दोनदा सिलिकॉन मारलं, तरी भिंत ओलीच

प्रश्न : कर्वेनगरला तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, इमारत तीसेक वर्षांची. या उन्हाळ्यात हॉल आणि बेडरूमच्या जुन्या खिडक्या काढून तीन ट्रॅकच्या ॲल्युमिनियम स्लायडिंग बसवून घेतल्या आणि खाली ग्रॅनाइट घातलं. बाहेरून ग्रिल आहे. हॉलची खिडकी पूर्वेला, ती ठीक आहे. बेडरूमची पश्चिमेला, जून संपता संपता तिच्याखालची भिंत ओली झाली आणि उजव्या कोपऱ्यात रंगाचे पोपडे सुटले. खिडक्या बनवणाऱ्या फॅब्रिकेटरने येऊन बाहेरून सिलिकॉन मारलं. फरक पडला नाही म्हणून पुन्हा येऊन चारही बाजूंनी जाड थर दिला. त्यानंतर तर गळती वाढलीच. आता जोराची सर आली की ट्रॅकमधलं पाणी आतल्या कट्ट्यावर सांडतं. फॅब्रिकेटर म्हणतो गवंड्याने दगड चुकीचा बसवला, गवंडी म्हणतो खिडकीचं सेक्शनच (चौकटीची ॲल्युमिनियम पट्टी) हलकं आहे. गणपतीच्या आधी भिंत रंगवून घ्यावी म्हणते. दिवाळीनंतर मुलाच्या आणि सासूबाईंच्या खोलीच्या खिडक्याही बदलायच्या आहेत. मुलाची खोली पश्चिमेला, सासूबाईंची पूर्वेला. पण सासूबाई त्यांची सागवानी खिडकी काढू देत नाहीत. काय करावं?

उत्तर : ताई, दुसऱ्यांदा चारही बाजूंनी सिलिकॉन मारल्यावर गळती वाढली, हे तुम्ही नेमकं लिहिलंत ते फार बरं केलंत. स्लायडिंग खिडकीच्या खालच्या ट्रॅकला बाहेरच्या अंगाने बोटाच्या पेराएवढ्या लांबट खाचा असतात. जोराच्या पावसात सरकत्या झडपांच्या फटींतून ट्रॅकमध्ये थोडं पाणी येणारच. ते येणार असं धरूनच ही खिडकी बनवतात. आलेलं पाणी त्या खाचांतून बाहेरच्या दगडावर पडावं आणि तिथून खाली जावं, अशी तिची रचना. जाड थर देताना त्या खाचा बुजल्या असणार. आता ट्रॅक भरतो आणि पाण्याला घरात येण्यावाचून वाट उरत नाही.

म्हणून पावसाने उघडीप दिली की सगळ्यात आधी फॅब्रिकेटरला बोलवा आणि खालच्या ट्रॅकसमोरचं सिलिकॉन तेवढं कापून काढायला सांगा. हे काम त्यालाच करू द्या. तिसऱ्या मजल्यावर खिडकीबाहेर वाकून घरातल्या कोणीही ते करू नये. खाचा मोकळ्या झाल्या की ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा, ते लगेच बाहेर वाहू लागलं पाहिजे. खाचा मुळात पाडलेल्याच नसतील (छोट्या वर्कशॉपमध्ये हे काम राहून जातं, मी बऱ्याच घरांत पाहिलं आहे), तर त्याने त्या पाडून द्याव्यात. आतल्या ट्रॅकमधून मधल्यात, मधल्यातून बाहेरच्यात आणि तिथून बाहेर, अशी वाट हवी. ट्रॅकच्या तळाला उभं भोक मात्र पाडू देऊ नका. ते पाणी फ्रेमखाली जातं आणि भिंतीत मुरतं.

एवढ्याने कट्ट्यावर सांडणं थांबेल. पण भिंत जूनमध्येच ओली झाली होती, म्हणजे सिलिकॉनचा तो जाड थर बसायच्या आधी. तेव्हा तिथे दुसरंही कारण आहे, आणि मला संशय आहे तो बाहेरच्या दगडाचा.

हॉलची खिडकी त्याच माणसांनी बसवली, तरी ती कोरडी आहे. त्यावरून तिचं काम चांगलं झालं असा अर्थ काढू नका. पुण्यात जून ते सप्टेंबर वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा याच चार महिन्यांत. डोंगराच्या बाजूला, म्हणजे कोथरूड, वारजे, बावधन, कर्वेनगर या भागांत तो पूर्वेकडच्या हडपसरपेक्षा साधारणपणे जास्त असतो. तिसऱ्या मजल्यावर पश्चिमेच्या खिडकीला पाऊस आडवा येतो, छज्जा असला तरी. पूर्वेला खपून गेलेली ढिलाई पश्चिमेला पहिल्या पंधरवड्यात उघडी पडते.

आज, हात पोचेल तेवढ्यावरच, एक साधी गोष्ट बघा. झडप सरकवून बाहेरच्या ग्रॅनाइटवर, फ्रेमच्या अगदी लगत, चमचाभर पाणी टाका. ते बाहेर वाहून गेलं पाहिजे. ते जागीच थांबत असेल किंवा फ्रेमकडे येत असेल, तर दगडाला ढाळ नाही किंवा उलटा ढाळ आहे, आणि मग जगातलं कुठलंही सिलिकॉन ती खिडकी कोरडी ठेवू शकणार नाही. सांध्यावर पाणी दिवसरात्र उभं राहिलं की केसाएवढी फटसुद्धा पुरते.

उजव्याच कोपऱ्यात पोपडे आहेत, यावरूनही काही कळतं. तिथे तीन ठिकाणं तपासून घ्या. पहिलं, खालचा दगड बाजूच्या उभ्या दगडांच्या मध्ये कापून बसवला आहे की त्यांच्या खालून भिंतीत गेला आहे? खालचा दगड आधी बसतो आणि उभ्या पट्ट्या त्याच्या डोक्यावर उभ्या राहतात, ही रीत. उलटं केलं तर कोपऱ्यातला उभा सांधा थेट भिंतीत उघडतो. दुसरं, ग्रिलचे बोल्ट. बरेच जण ग्रिल बसवताना त्या खालच्या ग्रॅनाइटलाच भोक पाडून स्क्रू मारतात. असा स्क्रू म्हणजे भिंतीत पाणी सोडायची नळी होते. ग्रिल बाजूच्या भिंतीत किंवा वरून धरावं, खालच्या दगडाला हात लावू नये. तिसरं, ॲल्युमिनियमच्या फ्रेमचा खालचा कोपरा, जिथे उभा आणि आडवा सेक्शन स्क्रूने जोडतात. तो सांधा वर्कशॉपमध्येच आतून सीलंटने भरायचा असतो. एकदा खिडकी भिंतीत बसली की तिथे हात पोचत नाही.

यातलं नेमकं कोणतं, हे झारीने कळतं, पण आत्ता नाही. भिंत चिंब असताना नवीन पाणी कुठून आलं ते दिसत नाही. नवरात्राच्या पुढे भिंत सुकली की कोरड्या दिवशी झारी घ्या. आधी फक्त बाहेरच्या दगडावर पाणी घालायचं, पंधरा मिनिटं थांबायचं, आत एकाने कोपऱ्यावर लक्ष ठेवायचं. मग फ्रेम आणि दगडाच्या सांध्यावर, मग बाजूंच्या उभ्या सांध्यांवर, सगळ्यात शेवटी वर छज्जाखाली. नेहमी खालून वर. वरून सुरुवात केली की सगळंच भिजतं आणि काहीच कळत नाही.

आता गणपतीच्या रंगाचं. ताई, त्या भिंतीला यंदा गणपतीत पडदा लावा, रंग लावू नका. ओल्या भिंतीवर लांबी (भिंतीची पुट्टी) आणि रंग चढवला तर दोन महिन्यांत पुन्हा फुगणार, आणि रंगारी म्हणणार ओलीमुळे झालं, ते खरंच असेल. आतून वॉटरप्रूफ रंगाचा थर द्या असंही कोणी सुचवेल. त्याने बाहेरून येणारं पाणी अडत नाही, डाग फक्त हातभर पलीकडे सरकतो. आज एवढंच करा की सुटलेला रंग आणि लांबी खरवडून गिलावा उघडा ठेवा, पंखा चालू ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. वर पांढरी बुरशीसारखी पूड येईल, तो क्षार आहे. कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही. नऊ इंची विटांची भिंत सुकायला आठवडे लागतात. सुकली का हे बघायचं तर फूटभर लांब-रुंद, जाडसर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी टेप लावून भिंतीवर चिकटवा आणि दिवसभर तसाच ठेवा. आतून दंव धरलं तर अजून थांबा.

ऑक्टोबरच्या उन्हात काम काढाल तेव्हा, दगडाचा ढाळ चुकलेला निघाला, तर मी खिडकी काढून दगड पुन्हा बसवायला सांगेन. याच उन्हाळ्यात घातलेला दगड उचलायचा हे जिवावर येतं, मला कल्पना आहे. पण खिडकी काही स्क्रूंवर असते, ती तासाभरात निघते. आणि दरवर्षी सिलिकॉन, लांबी, रंग यांवर पैसे घालण्यापेक्षा हे एकदाचं होतं. दगड बसवताना गवंड्याजवळ उभं राहून चार गोष्टी बघा. नऊ इंची भिंतीवर बाहेरच्या बाजूला निदान अर्धा इंच ढाळ हवा, तोही पाणसळ (लेव्हल) लावून बघितलेला, नजरेने नव्हे. दगड बाहेरच्या गिलाव्याच्या पुढे दीड इंच आला पाहिजे. त्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला कटरने एक खाच ओढायची, म्हणजे पाणी दगडाच्या पोटावरून उलटं भिंतीकडे न येता तिथेच तुटून पडतं. आणि दगडाखाली माल (सिमेंट-वाळूचा) पूर्ण भरायचा; चार कोपऱ्यांत चार गोळे ठेवून दगड दाबला की मध्ये पोकळी राहते आणि पाणी तिथेच साठतं.

शक्य असेल तर खालचा दगड दोन तुकड्यांत घ्या, बाहेरचा खाली आणि आतला अर्धा इंच वर. खिडकीचा ट्रॅक त्या पायरीच्या बाहेर, पायरीला टेकून बसतो. वाऱ्याने पाणी फ्रेमखाली रेटलंच, तर ते पायरीला अडतं. मुलाच्या खोलीला हे सुरुवातीपासूनच करून घ्या, खर्च किरकोळच वाढतो.

मग सिलिकॉन कुठे लागतं? शेवटी, आणि नीट. तुमच्याकडे दोनदा मारलं त्यातलं दुसरं पहिल्यावर मारलं असणार, आणि वाळलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. आधीचं सगळं ब्लेडने खरवडून काढावं लागतं. दुसरं, फ्रेमच्या कडेला नखाने टोकरून बघा. ॲल्युमिनियमच्या सेक्शनवर ओरखडे पडू नयेत म्हणून पातळ टेप चिकटवलेली असते. बसवताना ती दिसेल तेवढी ओढून काढतात, पण भिंतीलगतची कड तशीच राहते आणि सिलिकॉन त्या टेपवर बसतं. काही आठवड्यांत टेप सुटते, सिलिकॉन तिच्याबरोबर उचलतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला सांधा भरलेला दिसतो. खिडकी जागेवर चढवण्याआधीच चारही बाहेरच्या कडांची टेप सोलून घ्या.

ट्यूब कोणती, तेही विचारा. उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो ते सिलिकॉन काचेला ठीक आहे. दगड आणि सिमेंटला ते टिकून धरत नाही, संगमरवरावर डाग पाडतं आणि धातूलाही बरं नाही. दगड आणि ॲल्युमिनियमच्या सांध्याला न्यूट्रल लिहिलेली ट्यूब हवी. थोडी महाग असते, घ्या. फ्रेम आणि दगड यांच्यात ५ ते १० मिलिमीटर फट मुद्दाम ठेवायची असते, कारण उन्हाने ॲल्युमिनियम वाढतं आणि थंडीत आकसतं. फट खोल असेल तर आधी आत फोमची गोल दोरी दाबायची आणि तिच्यावर सिलिकॉन भरायचं, साधारण रुंदीच्या निम्म्या जाडीचं. असं केलं की सिलिकॉन फक्त दोन्ही कडांना धरतं आणि ताणलं तरी फाटत नाही. दोन्ही बाजूंना मास्किंग टेप लावून, धूळ ब्रशने झाडून, पूर्ण कोरड्या दगडावर हे काम व्हायला हवं. सिलिकॉन दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच वाळत जातं, म्हणून दोन-तीन दिवस तिथे पाणी नको. पिवळा फोम फवारून फट भरतात तो आतल्या पोकळीपुरता ठीक. बाहेर उघडा राहिला तर उन्हाने तो भुगा होतो, आणि पाणी अडवायचं काम त्याचं नाहीच.

फ्रेम अडकवण्याचे स्क्रू बाजूंना आणि वर मारायचे. खालच्या ट्रॅकला शक्यतो भोकच नको. मारावंच लागलं तर भोकात आधी सीलंट भरून मग स्क्रू, आणि त्याच्या डोक्यावर पुन्हा सीलंट. माप घेण्याबाबत एकच सांगतो: दगड बसल्यावर माप, आधी नाही. जुन्या इमारतीत भिंती ओळंब्यात, म्हणजे सरळ उभ्या, नसतात, म्हणून रुंदी वर-मध्ये-खाली आणि उंची डावी-मध्ये-उजवी मोजून सगळ्यात लहान आकडा धरायचा, आणि दोन्ही कर्ण जुळतात का ते बघायचं. जुळत नसतील तर फ्रेम चौकोनीच करायची आणि फरक फटीत मिटवायचा. फ्रेम वाकवून बसवली की झडपा घासतात आणि एका बाजूला फट उघडी राहते.

आतल्या पट्ट्यांची घाई करू नका. खिडकीभोवती आतून प्लाय किंवा एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) चौकट करून लॅमिनेट लावायची पद्धत सध्या फार आहे. पश्चिमेच्या खिडकीला मी ती करू देणार नाही. एमडीएफला खालून ओल लागली की ते फुगतं, आणि त्यामागे काय चाललंय ते वास येईपर्यंत कळत नाही. आतून दगडाचीच कड ठेवा, किंवा सागवानाची बारीक पट्टी ४५ अंशांत जोडून लावा, तीही झारीची परीक्षा झाल्यावर. पट्टी आणि भिंत यांच्यातली आतली फट ॲक्रिलिक सीलंटने भरा. त्यावर रंग बसतो, सिलिकॉनवर बसत नाही.

फॅब्रिकेटर आणि गवंडी यांच्यात कोण चुकलं, तर माझ्या अंदाजाने दोघेही, आणि दगड व फ्रेम यांच्यातली ती फट कोणाच्याच कामात धरलेली नव्हती. सेक्शन हलकं असेलही, पण हलक्या सेक्शनने झडप थरथरते, भिंत ओली होत नाही. पुढच्या कामाच्या कोटेशनमध्ये दगडाचा ढाळ, पुढे काढलेली कड, पाण्याच्या खाचा, न्यूट्रल सीलंट आणि पाण्याची परीक्षा हे शब्द लिहून घ्या, आणि तो सांधा एकाच्याच अंगावर टाका. मी तो फॅब्रिकेटरला देतो: दगड त्याने तपासून पसंत केल्याशिवाय त्याने खिडकी चढवायची नाही. एकूण रकमेतले दहा टक्के वळवाचा एखादा दणका आणि जूनचा पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवायचे, हे आधीच बोलून घ्या. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. आत्ताच्या दोघांनाही मात्र एकत्र बोलवा, चमच्याचं पाणी त्यांच्यासमोर टाका आणि मग बोला. सोसायटीकडून लेखी परवानगी घ्या, बाहेरून खिडकीचा रंग आणि आकार बदलणार असेल तर विशेषच. राडारोडा पोत्यांत भरून खाली न्यायचा आणि गाडीने हलवायचा, हेही कामाच्या दरात धरा.

मुलाची खोली पश्चिमेला आहे, म्हणून तिथे तीन ट्रॅकच्या स्लायडिंगऐवजी एक भाग बंद काचेचा आणि एक भाग बिजागरीवर उघडणारा घ्या. बिजागरीची झडप बंद केली की रबराच्या पट्टीवर घट्ट दाबली जाते. सरकती झडप ब्रशसारख्या लोकरी पट्टीवर नुसती टेकते. आडव्या पावसात हा फरक मोठा आहे. ॲल्युमिनियम की यूपीव्हीसी (कडक प्लॅस्टिक) यावर दुकानदार तुमचा बराच वेळ घेतील. दोन्ही चालतात. झडप बाहेर उघडते, तेव्हा ग्रिल तिच्या आड येत नाही ना, हे आधी बघा.

आणि सासूबाईंचं ऐका. पूर्वेची, छज्जाखालची, तीस वर्षं टिकलेली सागवानी खिडकी काढायचं मला एकही कारण दिसत नाही. तिच्या झडपा बाहेर उघडतात आणि चौकटीवर चढून बसतात, त्यामुळे पाणी आपोआप बाहेर पडतं. ती काढायची म्हटलं तर चौकट धरून ठेवणारे, भिंतीत रुतलेले लोखंडी होल्डफास्ट उपसावे लागतील आणि बाहेरचा गिलावा कोपऱ्यांत तडकेल. आज तिथे नसलेली ओल त्या तड्यांतून येईल. सुताराला बोलावून झडपेच्या खालच्या दांडीला पेचकस टोचून बघायला सांगा. लाकूड मऊ लागलं तर तेवढाच तुकडा बदलून घ्या. काचेभोवतीची तडकलेली पुट्टी खरवडून नव्याने भरा. चौकटीच्या खाचेत रबराची पट्टी चिकटवली की धूळ आणि रस्त्याचा आवाज बराच कमी होतो. मच्छरांसाठी आतून वेगळ्या फ्रेमवर जाळी बसते, त्यासाठी खिडकी बदलावी लागत नाही. रंग काढताना झडपा बिजागऱ्यांतून उतरवून घ्या आणि त्यांच्या वरच्या व खालच्या कडांनाही रंगाचे पूर्ण हात द्यायला लावा. झडप जागेवर ठेवून रंगवली की खालची कड कोरी राहते, आणि लाकूड पाणी पितं ते तिथूनच.